ऊती: शरीराच्या चार विणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मी ऊतींच्या स्लाइड बनवते. रिपोर्टच्या खिडकीशी रोज दोन तऱ्हेची माणसं येतात. बायोप्सीचा, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याचा, कागद हातात धरून त्यातला एकेक शब्द लावू पाहणारे नातेवाईक, आणि "मॅडम, एकदा मायक्रोस्कोपमधून बघू का" म्हणणारी कॉलेजची मुलं. प्रश्न वेगवेगळे असतात, पण फिरून दोनच गोष्टींवर येतात: हे काचेवर दिसतंय ते कशाचं बनलंय, आणि ते बिघडलं तर पुन्हा पहिल्यासारखं होतं का. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत, उत्तरं मी सवडीने लिहिली आहेत.

ऊती म्हणजे नेमकं काय? पेशी आणि ऊती यांत फरक कोणता?

सारख्या घडणीच्या पेशी एकत्र येऊन एखादं ठरावीक काम करू लागल्या की त्या समूहाला ऊती म्हणतात. इथवर सगळ्यांना पाठ असतं. निसटते ती पुढची गोष्ट: पेशींच्या मधल्या जागेत त्यांनीच तयार केलेला माल असतो आणि तोही ऊतीचाच भाग असतो. हाडाचा पातळ काप पाहिला तर पेशी इकडे-तिकडे विखुरलेल्या दिसतात. बाकीचा सगळा पसारा त्यांनी आपल्याभोवती रचलेल्या तंतूंचा आणि क्षारांचा. उलट त्वचेच्या वरच्या थरात पेशीला पेशी इतकी खेटून असते की मध्ये जागाच नाही. पेशी किती, मधला माल किती, हे बघितलं की निम्मी ओळख पटते.

प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे 30 लाख कोटी पेशी असतात आणि त्यांचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. एवढा पसारा चार मूळ ऊतींमध्ये बसतो: अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती आणि चेता ऊती.

'ऊती' हा शब्द आला कुठून?

संस्कृतात विणणे या अर्थाचा 'वे' हा धातू आहे. 'ऊत' म्हणजे विणलेलं, 'ऊती' म्हणजे वीण. आपण 'ओतप्रोत भरलेलं' म्हणतो त्यातला 'ओत'ही याच घरातला. इंग्रजीतला 'टिश्यू' फ्रेंचमधून आला आणि त्याचाही मूळ अर्थ विणलेलं कापड असाच. शब्द निवडणाऱ्यांनी फार नेमका निवडला असं मला दर वेळी वाटतं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली खरोखरच वीण दिसते. कुठे घट्ट, कुठे सैल, कुठे उभे-आडवे धागे.

ही वीण वैद्यकात पहिल्यांदा नीट मांडली ती पॅरिसच्या झाविए बिशा यांनी, 1800 मध्ये. गंमत म्हणजे त्यांनी सूक्ष्मदर्शक वापरलाच नाही. अवयवांचे तुकडे वाळवून, उकळून, कुजवून, आम्लात घालून कोणता भाग कसा वागतो ते पाहिलं आणि 21 प्रकारच्या ऊती सांगितल्या. 1802 मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी ते गेले. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले, पेशी दिसू लागल्या आणि 21 प्रकारांची गोळाबेरीज होत होत चार गट राहिले.

चारच का? पाच किंवा सहा का नाहीत?

कारण कामं मुळात चारच आहेत. बाहेरून-आतून झाकणं आणि पाझरणं हे अभिस्तराचं. बांधून धरणं, भरून काढणं, वाहून नेणं हे संयोजीचं. आकुंचन पावणं स्नायूचं, निरोप पोचवणं चेता ऊतीचं. पोटप्रकार डझनावारी आहेत, ते या चार खुंट्यांवर टांगता येतात.

अभिस्तर ऊती शरीरात कुठे असते?

जिथे जिथे पृष्ठभाग आहे तिथे. त्वचेचा वरचा थर, तोंडाचं आतलं अस्तर, अन्ननलिका, आतडं, श्वासनलिका, मूत्राशय, रक्तवाहिन्यांची आतली बाजू, लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी. यकृताच्या मुख्य पेशीही याच कुळातल्या.

जागा बदलली की बांधणी बदलते आणि त्यामागे प्रत्येक ठिकाणी कारण असतं. फुफ्फुसातल्या वायुकोशांचं अस्तर चपट्या पेशींचं, एकच थर जाड. हवा आणि रक्त यांच्यामध्ये तिथे जेमतेम अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास अंतर राहतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून तर प्राणवायू क्षणात पलीकडे जातो. आतड्यात उभ्या, खांबासारख्या पेशी, कारण शोषून घ्यायचं काम आहे आणि त्यासाठी पेशीत यंत्रणा लागते. श्वासनलिकेत त्याच खांबांच्या डोक्यावर बारीक केस असतात, शेत वाऱ्याने हलावं तसे ते एका दिशेने हलतात आणि धूळ अडकलेला कफ वर ढकलतात. विडी-सिगरेटच्या धुराने हे केस आधी मंदावतात, मग झडतात, आणि वर्षानुवर्षं धूर जात राहिला की शरीर तिथे त्वचेसारख्या चपट्या थरांचं अस्तर घालतं. ते टिकाऊ असतं, पण कफ ढकलत नाही. धूम्रपान करणाऱ्याचा सकाळचा खोकला तिथून येतो.

मला सगळ्यांत आवडतं ते मूत्राशयाचं अस्तर. रिकामं असताना पाच-सहा थरांचं दिसतं, भरलं की ताणून दोन-तीन थरांचं होतं, आणि तरीही गळत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात, तो खालच्या संयोजी ऊतीकडून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो. आणि तो एका पातळ आधारपटलावर बसलेला असतो.

त्वचा ही ऊती आहे की अवयव?

अवयव. तिच्यात चारही ऊती आहेत: वर अभिस्तर, खाली संयोजी, केसांच्या मुळाशी बारीक स्नायू, आणि सगळीकडे चेतातंतू.

वरची त्वचा महिन्याभरात बदलते म्हणता, मग आजीचं गोंदण जन्मभर कसं राहिलं?

हा प्रश्न एका बारावीतल्या मुलीने विचारला होता आणि ऊती समजावून सांगायला याहून चांगला प्रश्न मला मिळालेला नाही. वरच्या थरातल्या पेशी तळाशी जन्मतात, वर सरकत सरकत सपाट होतात आणि साधारण चार आठवड्यांत झडून जातात. गोंदणाची शाई त्या थरात राहिली असती तर पुढच्या अमावास्येपर्यंत गेली असती. पण गोंदणारीची सुई आधारपटल ओलांडून खालच्या संयोजी थरात जाते. तिथे रंगाचे कण भक्षक पेशी गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की कण सुटतात आणि नव्या भक्षक पेशी त्यांना पुन्हा गिळतात. रंग जागचा हलत नाही. वर्षांनी कडा थोड्या पसरतात, हिरवट निळं दिसू लागतं, एवढंच. वरचं कापड सतत बदलणारं आणि खालचं टिकणारं, हा दोन ऊतींमधला फरक आजीच्या कपाळावर लिहिलेला असतो.

केमोथेरपीत तोंड का येतं? केस का जातात?

केमोची बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी विभागतात तशा तोंडाच्या अस्तराच्या, आतड्याच्या, केसांच्या मुळाच्या आणि अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, पेशीही विभागत असतात. आतड्याचं अस्तर तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. म्हणून तोंड येतं, जुलाब होतात, केस जातात, रक्तातल्या पेशी कमी होतात. याच गुणामुळे औषध थांबल्यावर हे सगळं परतही येतं.

रक्त तर पातळ आहे, ते ऊती कसं?

रक्त संयोजी ऊतीत मोडतं, आणि संयोजी ऊतीची खूण म्हणजे पेशी कमी आणि मधला माल जास्त. हाडात तो माल घट्ट, कास्थीत (नाका-कानातल्या कूर्चेत) रबरासारखा, रक्तात द्रव. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग म्हणजे रक्तद्रव, त्यात लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका (प्लेटलेट) तरंगतात. तंतू कुठे आहेत, असा खुसपटी प्रश्न हुशार मुलं विचारतात. ते विरघळलेल्या रूपात असतात. बोट कापलं की तेच फायब्रिनच्या धाग्यांत बदलतात आणि जाळं विणून खपली धरतात.

लाल पेशी 120 दिवस जगते. ती भरून काढण्यासाठी अस्थिमज्जा दर सेकंदाला 20 लाखांच्या आसपास नव्या लाल पेशी तयार करत असते.

हाड, कास्थी, कंडरा, अस्थिबंध, चरबी हे सगळं संयोजीच?

हो. आणि या कुटुंबाचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजन, शरीरात सर्वांत जास्त असलेलं प्रथिन.

हाडात कोलॅजनच्या दोऱ्यांवर कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसवलेले असतात. घरी करून बघण्यासारखं आहे: कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, व्हिनेगर अधूनमधून बदला. क्षार विरघळतात, उरतं ते कोलॅजन, आणि हाड बोटांनी वाकवता येतं. उलट हाड जाळलं तर कोलॅजन जातं, क्षार राहतात, आणि ते हातात भुगा होतं. दोन्ही मिळून मजबुती. आमच्याकडे हाडाची बायोप्सी आली की स्लाइडला जास्त दिवस लागतात ते यामुळेच, आधी आम्लात ठेवून क्षार काढावे लागतात, नाहीतर पातं चालत नाही.

कास्थी म्हणजे कूर्चा. कानाचा वरचा भाग दुमडून सोडला तर तो जागेवर येतो, ती लवचीक कास्थी. नाकाचं टोक, बरगड्यांची पुढची टोकं आणि सांध्यांतली गुळगुळीत टोपी ही काचेसारखी कास्थी. मणक्यांमधल्या चकत्यांची ती तंतुमय. तिन्हींमध्ये रक्तवाहिन्या नाहीत. गुडघ्याची कास्थी झिजली की भरून येत नाही, त्याचं मोठं कारण हे. दुरुस्तीचा माल घेऊन येणारा रस्ताच तिथवर जात नाही.

कंडरा स्नायूला हाडाशी बांधते, अस्थिबंध हाडाला हाडाशी. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा अस्थिबंध ताणलेला असतो. रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून मुरगळलेला घोटा कधी कधी साध्या मोडलेल्या हाडापेक्षा जास्त रेंगाळतो. हाडाला रक्त भरपूर, ते व्रणसुद्धा न ठेवता जुळतं.

सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं होतं, त्याचा ऊतींशी काय संबंध?

थेट संबंध. सुपारीतली द्रव्यं गालाच्या अस्तराखालच्या संयोजी ऊतीत शिरतात आणि तिथल्या तंतू बनवणाऱ्या पेशींना जादा कोलॅजन बनवायला लावतात. मऊ, सैल वीण हळूहळू दोरखंडासारखी घट्ट होते. गाल पांढुरका पडतो, तिखट सोसत नाही, आणि एक दिवस कळतं की तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत. आता आरशासमोर करून बघा, निरोगी माणसाची साधारण जातात. हे तंतू सुपारी सोडल्यावर पूर्ववत होत नाहीत, पण पुढची वाढ थांबवता येते, आणि त्या गालात कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते.

तंबाखू आणि मशेरी वरच्या अभिस्तरावर हल्ला करतात. पांढरा न पुसता येणारा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, यांपैकी काहीही असेल तर दंतवैद्याला दाखवा. "मी फक्त दातांना लावते, खात नाही" असं मशेरी लावणाऱ्या मावश्या सांगतात, पण तोंडाचं अस्तर लावलेली आणि खाल्लेली यांत फरक करत नाही. गालाच्या अशा बायोप्सी मी आठवड्याला किती कापते ते लिहायला हात धजत नाही. त्यातले तरुण चेहरे खिडकीतून दिसतात.

कोलॅजनची पावडर घेतली तर सांधे आणि त्वचा सुधारते का?

पोटात गेलेलं कोलॅजन पचून अमिनो आम्लं आणि लहान तुकडे होतात, इतर कोणत्याही प्रथिनासारखे. ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. शरीर स्वतःचं कोलॅजन स्वतः विणतं आणि त्यासाठी त्याला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं. क जीवनसत्त्व अजिबात मिळालं नाही तर स्कर्व्ही होते, हिरड्यांतून रक्त येतं, आणि भरलेले जुने व्रणसुद्धा पुन्हा उघडतात. म्हणजे भरलेली जखमही नुसती पडून नसते, तिथलं कोलॅजन सतत नव्याने विणलं जात असतं. आवळा, पेरू, लिंबू आणि पुरेशी डाळ-उसळ-अंडी यांवर माझा भरवसा जास्त आहे.

'नस', 'शीर' आणि 'स्नायू' यांत गोंधळ होतो. कोण कोणत्या ऊतीत?

गोंधळ आपल्या बोलण्यात आहे, म्हणून तपासणीच्या खोलीतही होतो. "नस चढली" म्हणतो तेव्हा पोटरीचा स्नायू आखडलेला असतो. "कंबरेत नस दबली" यातली नस म्हणजे चेता. "नस सापडत नाही" असं नर्स म्हणते ती रक्तवाहिनी. "मानेची शीर आखडली" यात पुन्हा स्नायू, आणि मनगटावर उठून दिसणाऱ्या दोऱ्यांना शिरा म्हणतात त्यांतल्या निळ्या रक्तवाहिन्या आणि पांढरट ताठ त्या कंडरा. एका शब्दात तीन ऊती. डॉक्टरांना सांगताना "नस" न म्हणता मुंग्या येतात, बधिर वाटतं, गोळा येतो की दुखतं, ते सांगा.

'स्नायू'चंही असंच. मराठीत आपण तो मांसल, आकुंचन पावणाऱ्या ऊतीसाठी वापरतो. जुन्या संस्कृत वैद्यकात स्नायू म्हणजे बांधणारे पट्टे, बंगालीत तर तोच शब्द चेतेसाठी आहे. परप्रांतातल्या नातेवाइकाचा रिपोर्ट वाचताना हे ध्यानात ठेवा.

स्नायूंचे तीन प्रकार कसे ओळखायचे?

कंकाल स्नायूच्या पेशी लांबलचक, एकेकीत अनेक केंद्रकं, आणि आडवे पट्टे, इरकली काठासारखे एकाआड एक. आपल्या इच्छेने हलतात. असे सहाशेहून अधिक स्नायू शरीरात आहेत. श्वासपटलही याच प्रकारचं, म्हणून श्वास आपोआप चालतो तरी रोखून धरता येतो. व्यायामाने मुख्यतः आहेत तेच तंतू जाड होतात.

अनैच्छिक स्नायूच्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, पट्टे नाहीत, मध्ये एक केंद्रक. आतडं, गर्भाशय, धमन्यांच्या भिंती, डोळ्याची बाहुली. अंगावर काटा येतो तोही यांचाच उद्योग, प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू ओढला जातो. हुकुमावरून काटा आणता येत नाही, यावरून तो अनैच्छिक हे आपोआप कळतं.

हृद्‌स्नायूला पट्टे आहेत पण इच्छा चालत नाही. पेशींना फाटे फुटलेले आणि त्या एकमेकींना खास सांध्यांनी जोडलेल्या, त्यामुळे विजेचा निरोप एकीतून दुसरीत लगेच जातो आणि सगळं हृदय एका ठेक्यात आवळतं. दिवसाला साधारण एक लाख वेळा.

घरच्या घरी ऊती बघता येतात का?

सामिष घरात तर मटण साफ करताना चारही दिसतात. लाल तुकडे म्हणजे कंकाल स्नायू, त्यांच्यावरचा चिवट पांढरा पापुद्रा संयोजी. कडेची चरबी, नळी, आतली मज्जा, कुडुमकुडुम वाजणारी कुरकुरीत हाडं, सगळं संयोजी. वजडी म्हणजे अनैच्छिक स्नायू आणि आतून मखमली अभिस्तर. कलेजी अभिस्तराच्या कुळातली. भेजा चेता ऊती. पायाचा रस्सा थंड झाल्यावर थरथरतो, कारण तासन्‌तास शिजून कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं. आणि पापुद्र्याचं मटण मंद आचेवरच का मऊ होतं, त्याचंही उत्तर तेच.

शाकाहारी घरासाठी शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. चूळ भरा, गालाच्या आतून स्वच्छ बोथट काडी हलकेच फिरवा, काचपट्टीवर थेंबभर पाण्यात मिसळा, मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाका. फिकट निळ्या, फरशीच्या तुकड्यांसारख्या पेशी आणि मध्ये गडद ठिपका. तो तुमचा स्वतःचा अभिस्तर.

चेता ऊती तुटली तर जुळते का?

कुठे तुटली त्यावर आहे. मेंदूत अंदाजे 8600 कोटी चेतापेशी असतात आणि जवळपास तेवढ्याच आधार देणाऱ्या पेशी. चेतापेशीचा लांब धागा, म्हणजे अक्षतंतू, कंबरेपासून पावलापर्यंत जवळजवळ मीटरभर असू शकतो, आणि सर्वांत वेगवान तंतूंत निरोप सेकंदाला 120 मीटरपर्यंत धावतो. हाता-पायातल्या चेतेचा धागा तुटला आणि वेष्टन नीट जुळवलं तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढतो. दंडाला मार लागला तर बोटात संवेदना यायला कित्येक महिने का लागतात, त्याचा हिशेब इथे करा. मेंदू आणि मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातल्या चेतांच्या दोरीत) मात्र हे जवळपास होत नाही.

कुष्ठरोगाचे जंतू हाता-पायातल्या चेतांच्या वेष्टनपेशींत घर करतात. म्हणून त्याची पहिली खूण अनेकदा न दुखणारा, बधिर, फिकट चट्टा असते. दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. बोटं या रोगाने गळून पडत नाहीत. चटका लागलेला, काच रुतलेली कळत नाही, जखमा चिघळत जातात, आणि त्यातून नुकसान होतं. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि लवकर घेतलं तर हात-पाय वाचतात. आनंदवनाच्या महाराष्ट्रात हे अजून सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

मग कोणती ऊती पूर्ण भरून येते आणि कोणती नाही?

दोन गोष्टी विचारा: तिच्या पेशी विभागतात का, आणि तिला रक्त पोचतं का. त्वचेचं, तोंडाचं, आतड्याचं अस्तर झपाट्याने. गर्भाशयाचं अस्तर तर दर महिन्याला गळतं आणि कोणताही व्रण न ठेवता पुन्हा उभं राहतं, याइतकं मोठं नवल मी दुसरं पाहिलेलं नाही. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेलं वाढून भरपाई करतं, जिवंत माणूस यकृताचा तुकडा दान करू शकतो तो म्हणून. कास्थी, कंडरा रखडत. हृद्‌स्नायूच्या पेशी प्रौढपणी वर्षाला एक टक्का किंवा त्याहून कमी बदलतात, म्हणजे झटका आल्यावर मेलेला भाग भरून निघत नाही. तिथे कोलॅजनचा व्रण बनतो, जो फाटत नाही पण आवळतही नाही. व्रण म्हणजे संयोजी ऊतीने घातलेलं ठिगळ. त्यावर केस नाहीत, घाम नाही.

आयुर्वेदातले सप्तधातू म्हणजेच ऊती का?

रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र ही मांडणी एकातून पुढच्याचं पोषण होतं या कल्पनेवर उभी आहे. ऊतींची मांडणी रचनेवर. रक्त, मेद, अस्थी इथे संयोजीत एकत्र येतात, मांस स्नायूंत, आणि अभिस्तराला सात धातूंत स्वतंत्र जागा नाही. एकास एक जोड्या लावू नका. परीक्षेत तर मुळीच नाही.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'कार्सिनोमा', 'सार्कोमा' लिहिलंय, म्हणजे काय?

रिपोर्ट आधी ऊतीचं नाव सांगतो. कार्सिनोमा म्हणजे अभिस्तरातून निघालेला कर्करोग. 'स्क्वॅमस' असेल तर चपट्या थरांच्या अस्तरातून, तोंड, अन्ननलिका, गर्भाशयमुख अशा जागी. 'अ‍ॅडिनो' म्हणजे ग्रंथिल अस्तरातून, स्तन, आतडं, जठर. सार्कोमा म्हणजे हाड, चरबी, स्नायू अशा ऊतींतून. ग्लायोमा मेंदूतल्या आधारपेशींच्या कुळातून निघतो, चेतापेशी स्वतः प्रौढपणी जवळपास विभागतच नाहीत. मोठ्या माणसांचे बहुसंख्य कर्करोग कार्सिनोमा असतात, कारण अभिस्तर सतत विभागतो आणि धूर, तंबाखू, ऊन, विषाणू यांच्या पहिल्या तोंडी तोच असतो.

'इन सिटू' लिहिलं असेल तर बिघडलेल्या पेशी अजून आधारपटलाच्या वरच आहेत. 'इन्व्हेसिव्ह' म्हणजे त्या पटल फोडून खाली, रक्तवाहिन्या असलेल्या भागात उतरल्या. या एका पातळ पटलावर पुढचे उपचार बरेचसे ठरतात. गर्भाशयमुखाची पॅप चाचणी जिथून घेतात तिथे दोन प्रकारचे अभिस्तर एकमेकांना भिडतात, आणि बिघाड बहुधा त्या सीमेवर सुरू होतो. तो पटलाच्या वर असतानाच पकडता यावा म्हणून ती चाचणी. बाकी अर्थ डॉक्टरांसमोर बसून लावा, खिडकीशी उभं राहून नको.

रिपोर्टला इतके दिवस का लागतात?

तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, पक्का होऊ द्यावा लागतो, ते तासाला साधारण 1 मिलिमीटर आत शिरतं. मग अल्कोहोलने पाणी काढायचं, वितळलेलं मेण भरायचं, ठोकळा करायचा आणि 3-4 मायक्रॉनचे काप घ्यायचे. केस त्याच्या वीसपट तरी जाड असतो. कोमट पाण्यावर कापांची फीत तरंगते, ती मी काचेवर उचलते. नंतर दोन रंग: हिमॅटॉक्झिलिन, जे मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून मिळतं आणि केंद्रकं जांभळट निळी करतं, आणि इओसिन, जे बाकी सगळं गुलाबी करतं. इओसिनचं नाव पहाट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आहे आणि स्लाइड पाहिली की ते पटतं.

नमुना घेऊन तुम्हाला पाठवलं तर बाटलीत फॉर्मलिन आहे ना ते विचारून घ्या. तुकडा त्यात पूर्ण बुडालेला हवा. साध्या पाण्यात नको, घरच्या फ्रीजरमध्ये तर नकोच. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि मग माझ्या काचेवर नुसती भोकं दिसतात.

ऊतीदान करता येतं का?

येतं, आणि अवयवदानापेक्षा सोपं आहे, कारण हृदय थांबल्यानंतरही काही तास हाती असतात. डोळ्याचं पारपटल (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि त्वचा सहा तासांच्या आत घ्यायची असते. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीर ते नाकारण्याची शक्यता कमी असते. त्वचा मांड्या, पोटऱ्या, पाठ अशा झाकलेल्या भागांवरून पातळ थरात काढतात, चेहरा तसाच राहतो, रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ठेवून ती भाजलेल्या रुग्णांवर वापरतात. मुंबईत शीवच्या रुग्णालयात त्वचापेढी आहे, टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतीपेढी आहे. घरात मृत्यू झाल्यावर कोणाला सुचत नाही, म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आधीच फ्रीजवर चिकटवून ठेवा.

दुसऱ्या रुग्णालयात दाखवायचं आहे, पुन्हा तुकडा काढावा लागेल का?

बहुधा नाही. प्रयोगशाळेकडून मेणाचा ठोकळा आणि स्लाइड अर्ज देऊन मागा, त्यावरचा नंबर रिपोर्टशी ताडून घ्या. नवीन ठिकाणी त्याच ठोकळ्यातून आणखी काप घेता येतात, अगदी वर्षांनीसुद्धा. ठोकळा कापसात गुंडाळून डबीत ठेवा आणि मे महिन्यात गाडीच्या काचेखाली उन्हात सोडू नका. ते मेण साठीच्या आत-बाहेर अंश सेल्सिअसला वितळतं.